गाठ मारलेलं पुण्य

आमच्या गावात कार्य कोणाचंही असो, माईक माझ्या हातात असतो. मला कोणी नेमलेलं नाही. शाळेच्या गॅदरिंगमध्ये एकदा हातात आला, तो आजतागायत सुटलेला नाही. आहेर पुकारायचा, नवरीच्या मामाला शोधून मंडपात आणायचं, हरवलेलं पोर कडेवर घेऊन ‘हे कोणाचं?’ म्हणून विचारायचं, भटजी दमले की एखादं मंगलाष्टक आपणच ओढायचं, अशी माझी कामं. मानधन म्हणून जेवण आणि एक पिशवी. ही गोष्ट त्या पिशवीचीच आहे.

आमचं गाव कडावच्या अलीकडे. घराबाहेर पडलं की भाताची खाचरं, आणि खाचरं संपली की मुंबईकरांची फार्महाऊसं. कोणी बांधाकडेचा तुकडा विकला, कोणी डोंगराखालचा, आणि घरोघर नवी लादी बसली. लादी बसली की तिच्यावर माणसं बसवावी लागतात, म्हणून कार्यक्रम आले. लग्न आणि बारसं हे तर जुनेच. पण आता जावळ, गृहप्रवेश, गाडीची पूजा, आजोबांची पंचाहत्तरी, एवढंच काय, एकाने पोहण्याच्या हौदाचंसुद्धा उद्घाटन केलं. फीत मी कापायला लावली आणि पहिली उडीही मीच पुकारली.

कार्यक्रम म्हटला की येणाऱ्याला भेट द्यायची. स्टीलचा डबा, प्लास्टिकची टोपली, विजेवर लुकलुकणारी समई. आमच्या माळ्यावर टोपलीत टोपली, त्या टोपलीत टोपली अशा बसल्या आहेत, एकीनेही अजून कांदा पाहिलेला नाही. आणि ही भेट ज्या पिशवीत घालायची ती पिशवी शिळफाट्याहून छापून आणायची. वर गणपती, मध्ये फोटो, खाली ‘आपले नम्र’. गावाचा अलिखित नियम एकच: आपली पिशवी मागच्या कार्यातल्या पिशवीपेक्षा बोटभर तरी मोठी पाहिजे. माझ्या लहानपणी पिशवीत शेरभर साखर मावायची. आता एखादं शाळकरी पोर मावेल.

दुसरी एक रीत आमच्याकडे आहे, आणि तिचा आम्हाला फार अभिमान आहे. आम्ही अन्न टाकत नाही. कार्यात उरलेला भात, पुऱ्या, बुंदी, जे काय असेल ते पत्रावळींसकट उकिरड्यावर लोटणं आमच्यात पाप. ते सगळं गोळा करून नीट पिशवीत भरायचं आणि आंब्याखाली, ओढ्याच्या वरच्या बांधावर ठेवून यायचं. मुक्या जनावराच्या मुखी लागू दे. शिल्लक पिशव्या ढिगाने असतातच, त्यामुळे भरायची अडचण नाही. आणि कुत्र्यांनी फाडून पसरू नये म्हणून वर गाठ मारायची. घट्ट.

एवढं सांगितल्यावर तुम्हाला पुढचं दिसलं असेल. आम्हाला नव्हतं दिसलं. आम्ही गाठ मारून, हात धुऊन, पुण्य पदरात घेऊन घरी येत होतो.

माझा थोरला चुलत भाऊ, त्याला मी दादा म्हणतो, गाठ मारण्यात गावात पहिला. आवणीला, म्हणजे भात लावताना, रोपांच्या मुठीला तो जशी गाठ मारतो तशीच पिशवीला मारायचा. पिशवीचे कान पिळून पिळा उलटा आत खोचायचा आणि ओढायचा. सुरीशिवाय सुटत नाही. दादाचं घर, दादाची जमीन, दादाची गाडी, दारातली बाकदार खुर्चीसुद्धा दादाची. त्या घरात वहिनीची स्वतःची अशी एकच वस्तू, तिची म्हैस. तिच्या वडिलांनी लग्नात पाठवणीबरोबर एक पारडी दिली होती, तिच्या वंशातली ही. माहेर आता राहिलेलं नाही. आईवडील गेले, भावाने घर विकून पनवेल गाठलं. माहेर म्हणून जे काय उरलं ते गोठ्यात उभं होतं, काळंभोर, शिंगं मागे वळलेली, आणि त्या वर्षी गाभण. शेवटचे महिने चालले होते.

म्हशीचं नाव सांगत नाही. माणसांची लपवायची आणि तिचं सांगायचं, हे बरं दिसत नाही.

दादाच्या नातवाचं बारसं झालं ते वैशाखात. फुग्यांची कमान, धुराचं यंत्र, पाळण्याला दिव्यांच्या माळा. पोर धुराने खोकून खोकून निळं व्हायची वेळ आली तरी व्हिडिओवाला म्हणे, अजून एकदा घ्या. पिशवी एवढी मोठी की तिच्यात घातलेली बादली आत शोधावी लागत होती. मी माईकवरून गर्जना केली, ‘कोणीही भेट घेतल्याशिवाय जायचं नाही!’ आणि कोणीही गेलं नाही. काहींनी दोनदा घेतली.

पुढे थोड्याच दिवसांत एका सकाळी वहिनी आमच्या ओटीवर आली. हातात दुधाची किटली नाही, डोक्यावर पदर नाही. मी दात घासत होतो.

“भावजी, ती रवंथ करत नाय.”

मी चूळ भरली. “उन्हाचं असेल गं वहिनी.”

“ऊन मला कळतं. काल सांजपासून तोंड हलवलं नाय. डावी कूस ढोलासारखी झालीय. चला तुमी.”

गोठ्यात गेलो. म्हैस मान खाली घालून उभी होती, दात करकर वाजवत. पुढ्यात हिरवा चारा तसाच. डाव्या कुशीवर वहिनीने बोटांनी टिचकी मारली, तर आतून पोकळ आवाज आला. दादा दारात खुर्चीवर बसून फोनमध्ये नातवाच्या बारशाचे फोटो बघत होता.

“तेल पाजलंय,” तो तिथूनच म्हणाला. “हिंग पण दिलाय. होईल मोकळी. तू बघ रं हा फोटो, धूर कसला भारी आलाय.”

“दादा, जनावर फुगलंय.”

“मागल्या सालीपण फुगली होती. उतरली ना?”

मला तेव्हा कुठे समजलं की हे पहिल्यांदा होत नव्हतं. दोनतीनदा फुगून उतरली होती, दूध कमी झालं होतं, पाठीची हाडं वर आली होती. दादाने तिला तेल पाजून पुन्हा मोकळी सोडली होती. मोकळी, म्हणजे आंब्याखाली.

गुरांच्या डॉक्टरीणबाईंना मीच फोन केला. त्या आमच्या तालुक्यातल्याच, कोकणी मुसलमान घरातल्या. वडिलांचं शिळफाट्याला चपलांचं दुकान. आल्या स्कूटरवरून, मागे पेटी बांधलेली. दादाने त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं.

“तू त्या चपलावाल्याची पोरगी ना? तुझ्या बापाने मला एक बोट छोटी चप्पल दिली होती.”

“मग तुम्ही मोठ्या मापाचा पाय दाखवायचा होता काका,” त्या म्हणाल्या आणि सरळ म्हशीच्या कुशीला कान लावला. बराच वेळ लावला. मूठ दाबून पाहिली. मूठ उठली तरी खळगा तसाच राहिला. शेण पाहिलं, म्हणजे जे थोडंसं होतं ते. मग वहिनीकडे वळल्या. दादाकडे नाही.

“पोटात काहीतरी साठलंय. औषधाने निघणार नाही. कापून काढावं लागेल.”

“आणि पोटातलं?”

“रेडकू? त्यासाठीच आज करायला हवं. ही आणखी फुगली तर श्वास कोंडेल. दोघंही जातील.”

दादा खुर्चीवरून उठला. “थांबू या की. आज वरच्या आळीला हळद हाय. सगळ्यांनी जायचंय.”

वहिनी म्हणाली, “तुमी जा.” आणि कमरेला पदर खोचला.

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला सगळं सांगितलं, अगदी शांतपणे. म्हैस झोपवायची नाही, उभी ठेवूनच कापायची. कुशीत सुया टोचून ती जागा बधिर करायची, म्हणजे कापल्याचं कळणार नाही. पण बधिरपणाने आणि अशक्तपणाने तिचे पाय लटपटणार. “ती बसता कामा नये. पोट उघडं असताना बसली तर आतलं सगळं भलतीकडे सांडेल. मग मी काय, कोणीच काही करू शकणार नाही.”

माझ्या आयुष्यात मी खूप सूचना पुकारल्या आहेत, एवढी छोटी आणि एवढी जड एकही नाही. बसता कामा नये.

गोठ्याच्या दोन खांबांमध्ये तिला बांधली. कलंडू नये म्हणून एका अंगाला पेंढ्याचे भारे रचले, उंच. वहिनी तोंडाशी, दादा शेपटीशी, मी दोराला. दादा हळदीला गेला नाही. जायचं होतं, पण वहिनीने त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही, आणि न पाहणाऱ्या बाईला ओलांडून जाणं अवघड असतं. बातमी पसरली. कुंपणाशी माणसं जमली. दोघीतिघी घरून खुर्च्या घेऊन आल्या. एकाने फोन उंच धरून चित्रीकरण सुरू केलं आणि मला म्हणाला, “काका, थोडं सरका, म्हैस दिसत नाय.” आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाच्या तरी चित्रात अडसर होतो.

कुशीवरचे केस काढले. धुतलं, पुन्हा धुतलं. सुया टोचल्या. मग पातं लावलं. मी मान फिरवली, खोटं कशाला सांगू. गोठा असा गप्प झाला की माश्यांचे आवाज वेगवेगळे ऐकू येत होते.

आणि नेमका त्याच क्षणी वरच्या आळीतला डीजे सुरू झाला.

तो आवाज नव्हता, तो धक्का होता. पत्रे थरथरले. पेंढ्याच्या भाऱ्यातून धूळ उडाली. म्हशीने डोळे पांढरे केले, कान मागे टाकले, आणि पुढचे गुडघे हलकेच वाकवले.

“आवाज बंद करा!” डॉक्टरीणबाई ओरडल्या. त्यांचे दोन्ही हात म्हशीच्या पोटात होते. “कोणीतरी जा!”

दोर शेजाऱ्याच्या हातात देऊन मी पळालो. या देहाने मी एरवी पंगतीकडेसुद्धा पळत नाही. वरच्या आळीत भर दुपारी तरणी पोरं पिवळी होऊन नाचत होती. नवरदेवाचा बाप, डोक्याला रुमाल, मला पाहून खूष.

“आला! माईकवाला आला! घ्या रं याला नाचात!”

“आवाज बंद कर बाबा. खाली म्हशीचं पोट उघडं हाय.”

“काय उघडं हाय?”

“म्हशीचं पोट!”

“अरे, लोक काय म्हणतील? म्हशीपायी हळद थांबवली? आता कुठं नाच रंगलाय. अर्धा तास थांबव की तिला.”

थांबव की तिला! मी त्याच्याशी वाद घातला नाही. वादाने आजवर कुठल्याही हळदीतला आवाज कमी झालेला नाही. मी डीजेवाल्याच्या टेबलावरचा माईक उचलला, घसा साफ केला आणि माझ्या सगळ्यात गोड, सगळ्यात जबाबदार आवाजात पुकारलं:

“मंडळी, जेवण तयार आहे. मटणातल्या नळ्या फक्त पहिल्या वाढपाला मिळतील. पुन्हा सांगतो, नळ्या फक्त पहिल्या वाढपाला!”

नाच कसा संपला ते कोणालाच कळलं नाही. वाकलेला माणूस वाकलेल्या अवस्थेतच मांडवाकडे धावला. नवरदेव स्वतः निघाला, त्याला करवलीने मागे ओढला. डीजेवाल्याने गाणं तोडलं, गळ्यातली यंत्रं काढली आणि ताट शोधायला गेला. मागून आचाऱ्याची किंकाळी आली, “भात शिजला नाय अजून! कोणी पुकारलं रं?” तोवर मी उतारावर होतो.

गोठ्यात परत आलो तर म्हैस उभी होती. पण कशी? वहिनीने तिची मान आपल्या खांद्यावर घेतली होती. एवढ्या मोठ्या डोक्याखाली ती बाई अर्धी झाली होती, आणि तिच्या कानात शिव्या देत होती.

“बसलीस तर बघ. तुझ्या आयशीनं कधी मान टाकली नाय. तुझ्या आजीनं पुरात अख्खी रात उभं राहून काढलीन. आणि तू ढोलकीला घाबरतेस? उभी राहा, मेले. मला दुसरं कोन हाय?”

शेवटचं वाक्य शिवी नव्हती. कुंपणाशी बसलेल्या एका बाईने खुर्ची मागे सरकवली आणि ती उभी राहिली. मग बाकीच्याही उभ्या राहिल्या. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. म्हैस उभी असताना बसवेना, एवढंच.

डॉक्टरीणबाईंचा हात खांद्यापर्यंत आत गेला, आणि बाहेर आलं ते पहिलं बोचकं. हिरवट, चिकट, वास असा की फोनवाल्या पोराचा फोन खाली आला. त्यांनी ते घमेल्यात टाकलं. मग दुसरं, मग तिसरं. एकात एक गुंतलेली, पिळलेली, दोरखंडासारखी झालेली बोचकी. मी बादलीभर पाणी ओतलं. चिखल उतरला आणि खालून रंग निघाले. लाल, जांभळा, मोरपंखी. रंगांना काहीही झालं नव्हतं.

कुंपणाशी एक आवाज आला, आणि त्या आवाजात, देवाशपथ सांगतो, कौतुक होतं.

“अगं बाई! ही तर आमच्या जावळाची!”

“कुठची?”

“ती जांभळी. बघ, गणपती अजून तस्साच हाय. मी म्हटलं नव्हतं, छपाई चांगल्या ठिकाणी केलीय म्हणून?”

“आणि ती आमच्या घरभरणीची. तिचा बंदसुद्धा तुटला नाय.”

“पंचाहत्तरीची दिसत नाय कुठं.”

“थांब की, अजून काढतायत.”

आणि खरंच ती पुढच्या मुठीत निघाली. आजोबांचा फोटो, थोडा हिरवा झालेला, पण हसत होते. म्हशीच्या पोटातून आमच्या गावाचे सगळे कार्यक्रम उलट्या क्रमाने बाहेर येत होते आणि मी, ज्याने ते सगळे पुकारले, एकेक ओळखत होतो. एरवी मी हे दृश्य माईकवरून रंगवून सांगितलं असतं. आता मी नुसतं पाणी ओतत होतो.

हळूहळू कौतुक आटलं. आपापली पिशवी ओळखली की जो तो गप्प होत होता आणि दुसऱ्याच्या मागे सरकत होता. शेवटी कुंपणाशी सगळेच मागे होते, पुढे कोणी नाही.

मग निघाली ती पिशवी उघडी नव्हती. गोळाच होता, आत काहीतरी सडलेलं, आणि वर गाठ. कान पिळून, पिळा उलटा आत खोचलेला. डॉक्टरीणबाईंनी सोडवायला पाहिली, सुटेना. म्हशीची मान खांद्यावर तशीच ठेवून वहिनीने डोळे वळवले. तिने ती गाठ पाहिली. प्रत्येक आवणीला ती गाठ तिच्या हातातून गेली होती, रोपांची मूठ फेकायची आणि झेलायची.

“ही गाठ तुमची,” ती म्हणाली.

दादा शेपटीशी उभा होता. त्याने पिशवीकडे पाहिलं नाही, आपल्या हातांकडे पाहिलं.

“कुत्र्यांनी फाडू नये म्हनून…” तो म्हणाला.

तेवढ्यात म्हशीचे मागचे पाय थरथरू लागले. आधी एक, मग दोन्ही. पेंढ्याचा भारा सरकला. डॉक्टरीणबाईंनी मान वर न करता सांगितलं, “टाके घालतेय. आता सोडू नका. आता अजिबात सोडू नका.” दादा खाली बसला, चिखलात, शेणात, नव्या पांढऱ्या पँटीसकट, आणि त्याने आपली पाठ म्हशीच्या मागच्या मांडीला लावली. मी दुसऱ्या मांडीला लावली. आम्ही दोन वयस्कर गडी म्हशीला पाठ देऊन बसलो आणि ती आमच्यावर रेलली. तिचं वजन मला अजून आठवतं. ते वाढत चाललं होतं. वहिनीच्या शिव्या थांबल्या होत्या, ती आता फक्त ‘हां, हां, हां’ म्हणत होती, बाळंतिणीला म्हणतात तसं. मला वाटलं, झालं. आता बसते. आता बसते. दादाचे डोळे मिटलेले होते. बुंदीचा देव जो कोण असेल त्याला तो नवस बोलत असावा.

“झालं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

कोणी हललं नाही. त्यांना पुन्हा सांगावं लागलं.

जाताना त्यांनी घमेल्यातली एक पिशवी धुतली आणि वहिनीच्या हातात दिली. “काकी, यातून एक सूत काढून दाखवा.”

वहिनीने कडा ओढली, फाडली, नखाने खरवडली. सूत निघालं नाही.

“पण दुकानवाला कापडी म्हनतो,” दादा चिखलातूनच म्हणाला. “आमी कापडीच घेतो. प्लास्टिक घेत नाय.”

“दिसायला कापड. आहे प्लास्टिकच. कापड असतं तर सूत निघालं असतं.” त्यांनी स्कूटरला पेटी बांधली. “आणि काका, तुमच्या पायाचं माप घेऊन ठेवते. या एकदा दुकानात.”

म्हैस वाचली. आधी दोन घास, मग अर्धी पेंढी, आणि एका सकाळी वहिनीने मला ओटीवरून हाक मारून नेलं ते फक्त तिला रवंथ करताना दाखवायला. आम्ही दोघं उभे राहून बघत होतो, जणू नाटक चाललंय. पुढे तिला पारडी झाली. तिच्याही कपाळावर पांढरा ठिपका नाही, निव्वळ काळी.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण दादा आनंदला होता, आणि आमच्या गावात आनंदलेल्या माणसाला आवरणारं औषध अजून निघालेलं नाही. त्याने सत्यनारायण घातला. म्हैस जगली, पारडी झाली, गावजेवण तर पाहिजेच. मलाही वाटलं, बरोबर आहे. वहिनी स्वतः प्रसादाचा रवा भाजत होती, चेहरा उजळलेला. मी माईक तपासत होतो. एवढ्यात शिळफाट्याहून टेंपो आला आणि त्यातून गठ्ठे उतरले.

पिशव्या. बारशापेक्षा बोटभर मोठ्या. वर गणपती. मध्ये म्हशीचा फोटो, गळ्यात हार घातलेला. खाली ‘आपले नम्र’.

मला हसू आलं, आणि हसता हसता माझ्या लक्षात आलं की दादा हसत नाहीये. तो अभिमानाने उभा होता. त्याने ही गंमत केली नव्हती. त्याने मनापासून, म्हशीवरच्या प्रेमाने, तिचा सन्मान केला होता. त्याचे डोळे ओले होते. “फोटो कसा आलाय बघ रं,” तो म्हणाला. “मी सांगितलं त्याला, कापडीच पाहिजे.”

वहिनी रव्याचा झारा हातात घेऊन बाहेर आली. तिने गठ्ठ्याकडे पाहिलं, मग दादाकडे. मला वाटलं, आता झारा उडतो. ती आत गेली. पूजा झाली, कथा झाली, आरती झाली, पहिली पंगत उठली. पिशव्यांत नारळ आणि डबा घालून दादाने टेबल लावलं. लोक हातात पिशवी घेऊन अंगणाच्या दाराकडे निघाले.

दारात वहिनी उभी होती.

“नारळ पदरात घ्या आत्या,” ती सगळ्यात पुढच्या म्हातारीला म्हणाली. “डबा हातात. पिशवी इथं ठेवा.”

“अगं, पण फोटो किती गोड आलाय. राहू दे मला.”

“तिला बघायचं तर गोठ्यात या. कधीही या.”

म्हातारीमागे रांग तुंबली. दादाची थोरली बहीण, अलिबागहून आलेली, तिला हा अपमान वाटला. “आमाला दिलेली भेट परत मागतेस? माझ्या भावाच्या दारात?” वरच्या आळीतला तो नवरदेवाचा बाप मागून ओरडला, “कापडी हाय गं ती!”

“सूत काढून दाखवा,” वहिनी म्हणाली, “आणि घेऊन जा.”

तो पुढे आला. सगळ्यांसमोर त्याने पिशवीची कडा ओढली. दातांनी ओढली. लोक बघत होते. सूत आलं नाही. त्याने पिशवी खाली ठेवली, आणि नारळ काखेत मारून निघून गेला.

दादा घाम पुसत माझ्याकडे आला. “तू बोल ना रं! पुकार! सांग, भेट घेऊन जा म्हनून. लोक चाललेत रिकाम्या हातानं, माझी अब्रू…” तो माझ्या कोपराला धरून हलवत होता. सगळं अंगण माझ्याकडे बघत होतं. वहिनीसुद्धा. मला तिच्या खांद्यावरचं म्हशीचं डोकं दिसलं.

मी माईक तोंडाशी नेला. अंगठ्याने हळूच खटका खाली केला. मग फुंकर मारली, ठोकून पाहिलं, कानाशी धरून हलवला, आणि चेहऱ्यावर सगळी निराशा आणली.

“बॅटरी गेली दादा,” मी म्हणालो.

त्या दिवशी लोक पदरात, टोपीत, काखेत नारळ घेऊन घरी गेले. पोरांनी डबे वाजवत नेले. काही रागावले, ते अजून दादाकडे चहा घेत नाहीत. दादा वहिनीशी बरेच दिवस बोलला नाही, मग कधीतरी चारा कापताना बोलला. पुढच्या कार्याला आमच्या गावात पिशव्या वाटल्याच. छापील, बोटभर मोठ्या. खोटं कशाला सांगू. फक्त आंब्याखाली आता कोणी ठेवत नाही. रात्री ओढ्यात सोडतात. ओढा खाली कोणाच्या गावात जातो, ते विचारलं की लोक कडावच्या दिशेने हात करतात आणि विषय बदलतात.

म्हशीच्या फोटोच्या पिशव्या मात्र दादाच्या गोठ्यातच आहेत, माळ्यावर, गठ्ठ्याने. परवा मी दुधाला गेलो तेव्हा दादा शिडी लावून वर बघत होता.

“किती जागा अडवलीय यांनी,” तो म्हणाला. “पेंढा ठेवायला जागा नाय. फेकून देऊ का गं?”

वहिनी खाली धार काढत होती. तिने मान वर केली नाही.

“द्या की. कुठं फेकता तेवढं आधी सांगा.”

दादा शिडीवर उभा राहून विचार करत होता. मी किटली घेऊन वाट बघत होतो. खाली म्हैस रवंथ करत होती, पारडी तिच्या पोटाला ढुशा देत होती. दादाने ओढ्याकडे पाहिलं, आंब्याकडे पाहिलं, फार्महाऊसच्या भिंतीकडे पाहिलं, बराच वेळ. मग तो शिडीवरून खाली उतरला आणि पेंढा बाहेर पडवीत रचायला लागला.